डाव्या बशीतलं पान

गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिने डोळे मिटलेले असतानाच डाव्या बशीकडे बोट दाखवलं आणि "ही" असं म्हणाली. नवऱ्याने वहीत बरोबरची खूण केली. सात वाजून पाच मिनिटांनी, ती आंघोळीला गेल्यावर, त्याने बश्या विसळायला घेतल्या. डावी बशी उलटी केली तेव्हा तिच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'साधं' असं लिहिलेलं होतं. बीबामचं, म्हणजे वासाचं, पान उजव्या बशीत होतं.

त्याने नळ बंद केला आणि दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. अक्षर त्याचंच होतं. सकाळी साडेसहाला त्याने स्वतः नाणं उडवून डावी बाजू ठरवली होती, डाव्या बशीत बीबामचं चोळलेलं पान ठेवलं होतं आणि उजव्या बशीत मनी प्लांटचं. बश्या ट्रेमध्ये ठेवून वर पातळ फडकी टाकली होती. मग तिला हाक मारायला तो आतल्या खोलीत गेला होता. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात एकच माणूस येऊन गेलं होतं: त्याची थोरली बहीण. खालच्या मजल्यावर राहते, रोज सकाळी वर्तमानपत्र आणून देते.

त्याने जिन्यातूनच तिला विचारलं.

"ट्रे? हो, सरकवला की. पेपर कुठे ठेवू मग, डोक्यावर? फिरवून कडेला केला. का रे, फुटलं काही?"

"नाही," तो म्हणाला.

ट्रे फिरला होता, हे त्याला माहीत नव्हतं. बीबाम डावीकडे आहे अशी त्याची खात्री होती. बायकोने बीबाम ओळखलं नव्हतं. त्याची खात्री जिथे होती, ती बशी ओळखली होती.

ती एका चहाच्या कंपनीत बावीस वर्षं टी-टेस्टर आहे. कारखान्यांतून आलेले चहाचे नमुने एका लांब ओट्यावर मांडलेले असतात. प्रत्येकाचा एक कप, दूध-साखर नाही. ती चमच्याने घोट घेते, सुर्रकन् आवाज करत तो टाळूपर्यंत ओढते, थुंकते आणि पुढच्या कपाकडे जाते. दिवसाला दोनशे कप होतात. कुठला चहा कशात किती मिसळायचा, हे त्यावर ठरतं. जिभेला कडू, गोड, आंबट, खारट एवढंच कळतं. बाकीचं सगळं काम नाकाचं. कंपनीत तिला 'नाक' म्हणतात. नाकाला विचारून घ्या. नाक आज रजेवर आहे. निरोपाच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा कधीकधी तेवढंच लिहिलेलं असे.

हिवाळा संपताना तिला नऊ दिवस ताप आला. दहाव्या दिवशी ती शेगडीशेजारी खुर्ची टाकून वाचत बसली होती आणि दोन हातांवर पातेल्यात दूध करपत होतं. नणंद धावत वर आली ती करपल्याच्या वासाने.

"अगं बाई, समाधी लागलीय का?" नणंदेने शेगडी बंद केली. "खालपर्यंत वास येतोय."

तिने पुस्तक मिटलं, पातेल्यावर वाकली, लांब श्वास घेतला. मग ओट्यावरची चहाची बरणी उघडून नाकाशी धरली. मग साबण. नणंद सांगते की त्यानंतर ती बराच वेळ साबण हातात धरून उभी होती, आणि आपल्याला काही बोलायला सुचलं नाही. ही नणंद बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. बोलायला न सुचणं हा तिचा स्वभाव नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, तापात असं होतं. बहुतेकांचं परत येतं, काहींचं येत नाही. औषध असं नाही, सराव आहे. चांगल्या ओळखीचा एखादा वास निवडायचा. दिवसातून दोनदा, वीस-वीस सेकंद, मन लावून घ्यायचा. सहा महिने बघायचं.

"आणि सहा महिन्यांनी?" तिने विचारलं.

"तेव्हा बोलू," डॉक्टर म्हणाले.

तिने चहा निवडला नाही. घरात चहाचा डबा उघडणंच तिने बंद केलं होतं. तिने गॅलरीतलं बीबाम निवडलं.

हे झाड घरात कसं आलं, तेही सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी कंपनीने चहात बीबामची पानं मिसळून पाहिली होती. पुदिन्याच्या कुळातलं झाड, दांडा चौकोनी, पानाला किंचित लव. चोळलं की आधी संत्र्याची साल, मग ओवा, आणि सगळ्यात शेवटी पुदिना. कपात मात्र ते खोकल्याच्या औषधासारखं लागलं, असा अहवाल तिनेच दिला आणि प्रयोग बंद झाला. नमुन्याचं रोप टाकून देणार होते. ते तिने पर्समध्ये उभं ठेवून घरी आणलं. पहिल्या उन्हाळ्यात त्याला लालभडक फुलं आली, पाकळ्या चारी दिशांना. "झोपेतून उठलेल्या पोरीचे केस," नणंद म्हणाली होती. फुलांवर मधमाश्या यायच्या. बायको सकाळचा पहिला अर्धा तास गॅलरीच्या दारात बसून त्या बघायची.

झाडाचं बाकी सगळं नवराच करायचा. पाणी मुळाशी, पानांवर नाही. माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी झाली की मगच. दर तिसऱ्या वर्षी कुंडी रिकामी करून मुळांचे तुकडे करायचे, मधला जून भाग काढून टाकायचा, कडेचा ठेवायचा. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं. पहिल्या वर्षी तिने ते मेलं म्हणून कुंडी बाहेर काढून ठेवली होती आणि त्याने ती पुन्हा आत आणली होती.

नवरा वजनमाप निरीक्षक आहे. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासणं, बरोबर असलेल्यावर शिक्का मारणं, खोटं असलेलं जप्त करणं. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. लहानपणी तो इतका हडकुळा होता की बहीण त्याला छटाक्या म्हणायची. अजूनही म्हणते, चारचौघांत सुद्धा.

पहिले दोन महिने वहीत नुसते आकडे आहेत. ती पान चोळायची, नाकाशी धरायची, दहापैकी किती ते सांगायची, तो लिहायचा. चौपन्न दिवस सकाळ-संध्याकाळ शून्य. पंचावन्नाव्या दिवशी तिने "एक" म्हटलं आणि लगेच "खोडा" म्हटलं.

"का?"

"वाटतंय की आला. वाटण्याला अर्थ नाही. मी नऊ वर्षं हा वास घेतेय, आठवणीतून आला असेल. कपाखाली चिठ्ठी पाहिजे."

कंपनीत असंच करतात. कोणता कप कुठल्या कारखान्याचा, हे बुडाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि चाखणाऱ्याला दिसत नाही. घरी तिने दोन बश्या ठरवल्या. एकीत बीबाम, एकीत बिनवासाचं पान, दोन्ही सारखीच चोळलेली, दोन्हींवर फडकं. ती डोळे मिटून बसणार आणि दोन्हींवर वाकून बीबामची बशी सांगणार. डावी-उजवी नाण्याने ठरवायची.

"आणि तुम्ही मांडायचं," ती म्हणाली. "ताई नकोत, त्या हसतील. तुमच्याइतका सरळ माणूस मला मिळायचा नाही."

नणंदेला याचा आलेला राग दोन दिवस टिकला.

आकडे असे आहेत. पहिल्या तीन आठवड्यांत बेचाळीस वेळा, त्यातल्या वीस वेळा बरोबर. म्हणजे काहीच नाही, नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. चौथ्या आठवड्यात चौदापैकी आठ. सहाव्यात अकरा. आठव्यात तेरा. नवव्या आणि दहाव्या आठवड्यात चौदापैकी चौदा. आता ती नुसतं "ही" म्हणून थांबत नव्हती. "आज साल पुढे आहे." "आज ओवा जास्त." दहाव्या आठवड्याच्या शेवटी तिने चहाचा डबा उघडला. त्याचा वास मात्र आला नाही. "एकेक करून येतात म्हणे," ती म्हणाली, आणि कंपनीला फोन लावला.

कंपनीने तिची खुर्ची सहा महिने रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. मुख्य टेस्टरने चाचणीचा दिवस दिला: येता सोमवार. तीन कप मांडणार, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. असे दहा संच. सात बरोबर आले तर खुर्ची. नाहीतर नमुन्यांच्या नोंदणी विभागात बदली.

"तिथे नाक नसलं तरी चालतं," ती म्हणाली होती. "डोळे असले की झालं. तेही एक पुरे."

फोन बुधवारी झाला. गुरुवारी सकाळी बहिणीने ट्रे फिरवला.

एका चुकीवरून काटा खोटा ठरवायचा नाही, हा त्याच्या कामाचा नियम आहे. तीनदा तपासायचं. गुरुवारी संध्याकाळी त्याने दोन्ही बश्यांत मनी प्लांटचंच पान ठेवलं. नाणं उडवलं, उजवी बाजू आली. मनात उजवी धरून तो समोर बसला. ती आधी डावीवर वाकली, मग उजवीवर. परत डावीवर, परत उजवीवर.

"ही. उजवी." तिने डोळे उघडले. "थोडा कमी आहे आज. पान जून आहे का?"

"असेल," तो म्हणाला.

ही चाचणी त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली. तिथे ती कधी बघत नसे.

शुक्रवारी सकाळी पुन्हा दोन्हींत साधं पान. या वेळी मनात डावी. बहीण पेपर घेऊन आली होती. तिला त्याने हाताने दारातच थांबवलं. ती पेपर छातीशी धरून चौकटीला टेकून उभी राहिली. बायको डावीवर वाकली, उजवीवर वाकली, डावीकडे आली आणि थांबली.

"डावी."

बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तेव्हा बहिणीने त्याला गॅलरीत गाठलं.

"छटाक्या, तू काय करतोयस?"

"काय करतोय?"

"ती त्या बशीवर वाकली की तू मेल्यासारखा गप्प होतोस. श्वास धरतोस. दुसरीवर वाकली की घेतोस. अरे, मला दारातून ऐकू आलं. ती तर हातभर अंतरावर बसते."

बहीण सांगत राहिली की सुईत दोरा ओवतानाही तो असंच करायचा, आई म्हणायची मूल निळं पडेल एखाद्या दिवशी.

हे त्याला माहीत असायला हवं होतं. बारीक काट्यावर वजन घेताना माणसाच्या श्वासाने पारडं हलतं. म्हणून काटा स्थिरावत आला की निरीक्षक श्वास रोखतो, आकडा वाचतो आणि मग सोडतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. अठ्ठावीस वर्षांत ते शिकवणं राहिलं नव्हतं, ती सवय झाली होती. बायको बरोबर बशीवर वाकली की त्याच्या लेखी काटा स्थिरावत होता.

"तिला ठाऊक आहे का?" बहिणीने विचारलं.

"नाही."

"कशावरून?"

"ती फसवणार नाही."

"आणि तू?"

तो कुंडीकडे बघत होता. पानांवर पांढरी भुरी होती, पिठाचा हात लागल्यासारखी. ती दहा दिवसांपूर्वीच सुरू झाली होती. कारणही उघड होतं. या झाडाला वारा लागतो. दाटी झाली की भुरी येते. दर वर्षी वसंतात तो अर्धे दांडे मुळाशी कापून जागा करायचा. या वर्षी एकही कापला नव्हता. सरावाला पानं लागत होती. चौदा दांडे, रोज दोन पानं, फुलं येऊ द्यायची नाहीत म्हणून कळ्या खुडलेल्या. त्यात खाली बेकरी आहे. तिचा वास सरावात मिसळू नये म्हणून गॅलरीच्या काचा चार महिने बंद.

"आधी सांग तिला," बहीण म्हणाली. "आज सांग."

"अजून एक तपासायचं आहे."

"तू माणूस आहेस की काटा, रे?"

शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला त्याने बीबामचं पान डाव्या बशीत ठेवलं, भुरी ओल्या कापडाने पुसून, नीट चोळून. त्याला स्वतःला टेबलाच्या या बाजूपर्यंत वास येत होता. उजवीत साधं. ती डावीवर वाकली तेव्हा तो नेहमीसारखा श्वास घेत राहिला. ती उजवीवर वाकली तेव्हा त्याने श्वास रोखला.

ती उजवीवर थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याबद्दल त्याने नंतर बहिणीला एवढंच सांगितलं, की ते खोटं नव्हतं.

"ही," ती म्हणाली. "आज तर ओवा स्पष्ट आहे हो. बरोबर?"

"हं," तो म्हणाला, आणि खूण केली.

शनिवारी ती खुशीत होती. कामावरचा पांढरा ॲप्रन तिने धुऊन इस्त्री केला, चाखण्याचा चमचा घासून रुमालात गुंडाळला. नणंदेला जिन्यातून ओरडून सांगितलं की सोमवारनंतर दूध करपलं तर त्याला ती जबाबदार नाही. दुपारी नवरा कात्री घेऊन गॅलरीत बसला. चौदापैकी अकरा दांडे मुळाशी कापले, कागदात गुंडाळून बांधले आणि खाली कचऱ्यात टाकून आला. भुरीचे दांडे घरात ठेवत नाहीत.

"एवढं कापलंत?" ती दारात उभी होती.

"भुरी होती."

"असू दे. आता लागणारही नाहीत पानं." ती उकिडवी बसली. उरलेल्या तीन दांड्यांपैकी एकाला हात लावला. "पुढच्या वर्षी फुलू द्या त्याला. या वर्षी फार घेतलं आपण त्याचं."

त्याने बंद काचा उघडल्या. बेकरीचा वास आत आला. तिने मान वळवली नाही.

रविवारी सकाळी सहा चाळीसला टेबलावर बश्या नव्हत्या. वही होती, शेवटचं पान उघडं. त्याने क्रमाने सांगितलं: गुरुवार सकाळ, ट्रे. गुरुवार संध्याकाळ. शुक्रवार सकाळ. शुक्रवार संध्याकाळ. श्वासाचंही सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. कामावर ती अशीच ऐकते, असं तिथले लोक सांगतात.

"गुरुवारी कळलं," ती म्हणाली.

"हो."

"आज रविवार आहे."

"एका वेळेवरून ठरवता येत नाही. नमुना कमी होता."

"म्हणून माझ्यावर अजून तीनदा घेतलंत."

"हो."

"शुक्रवारी मुद्दाम."

"हो."

तिने वही आपल्याकडे ओढून चौदापैकी चौदाची दोन पानं उलटली. खुणा एकाखाली एक होत्या, सरळ रेषेत. तो पट्टी धरून लिहितो.

"मी श्वास ऐकत नव्हते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे? मला वास येत होता. साल आली, ओवा आला. तुम्हाला खूश करायला म्हणत नव्हते मी. इथे येत होता." तिने भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "मग तो काय होता?"

तोही त्याच वहीकडे बघत होता.

"आत्ता लावू का बश्या?" त्याने विचारलं. "मी ठेवून खाली ताईकडे जातो. दार लावून घे."

"नको."

"म्हणजे कळेल तरी."

"उद्या तिथे दहा वेळा कळणारच आहे. आज इथे कळलं तर उद्या माझे पाय उचलणार नाहीत."

"तारीख पुढे ढकलून घेऊ."

"काय सांगून? नवऱ्याचा श्वास थांबत होता म्हणून?"

खालून वर्तमानपत्र आलं. नणंदेने दोघांकडे पाहिलं, पेपर ओट्यावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून न बसता निघून गेली. ट्रेला तिने हात लावला नाही.

दुपारी तिने एकदा विचारलं की शिक्का मारताना तो कधी चुकला आहे का. तो म्हणाला, दोनदा. दोन्ही वेळा परत जाऊन शिक्का खोडून आला होता. दुकानदारांनी काय म्हटलं, असं तिने विचारलं. पहिला रागावला, तो म्हणाला. दुसऱ्याने बसायला खुर्ची दिली.

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती ॲप्रन आणि चमचा पिशवीत घालून निघाली. तो फाटकापर्यंत गेला. ती म्हणाली, "या आता." त्याला त्या दिवशी धान्य बाजारात सोळा काटे तपासायचे होते. तिसऱ्या काट्यावर पारडं थरथरत राहिलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचा वारा लागतोय." वजन घेताना तो श्वास घेत होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. सोळापैकी नऊच झाले.

ती साडेपाचला आली. पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले, पाणी प्यायली.

"झालं?"

"झालं. दहाही संच."

"मग?"

"निकाल शुक्रवारी लेखी देणार आहेत. चिठ्ठ्या मुख्य साहेबांनी कपाटात ठेवल्या. मला दाखवल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत." ती खुर्चीत बसली. "खोलीत चौघं होते. सगळ्यांचे श्वास ऐकू यायला लागले मला. एकाला सर्दी होती. मी म्हटलं, सगळे बाहेर जा. साहेब म्हणाले, असं चालत नाही, कोणीतरी पाहिजे. मी म्हटलं, मग दारापाशी पाठ करून उभे राहा. राहिले."

"तुला काय वाटलं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो ओशाळला.

"बरोबर," तो म्हणाला. "अर्थ नाही."

"जीभ भाजली एवढं वाटलं. पाणी फार गरम ठेवतात हल्ली."

सव्वासहाला ती गॅलरीत गेली. कुंडीत तीन दांडे होते. कापलेल्या अकरांच्या जागी मातीत चौकोनी खुणा दिसत होत्या. कडेने बोटाच्या नखाएवढे चार कोंब आले होते, तांबूस. मधल्या भागात काही नव्हतं. तिने वाकून एका दांड्याचं पान बघितलं, पालथं करून बघितलं. भुरी नव्हती. तिने ते खुडलं नाही.

"बश्या लावा," ती आत येऊन म्हणाली.

त्याने मनी प्लांटचं एक पान तोडलं आणि कुंडीतलं एक. नाणं उडवलं. पानं चोळली, ठेवली, फडकी टाकली, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग हात साबणाने दोनदा धुतले. ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला. ती डोळे मिटून बसली.

"आता जा," ती म्हणाली.

"खाली जाऊ?"

"गॅलरीत चालेल. दार ओढून घ्या. आणि श्वास घ्या, नाहीतर पडाल."

सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने गॅलरीचं दार बाहेरून ओढून घेतलं. दार लाकडी आहे, आतलं दिसत नाही. खाली बेकरीतून गरम पावाचा वास येत होता. एका बशीला वीस सेकंद, दोन बश्यांना चाळीस. परत एकदा पाहायचं म्हटलं तरी दोन मिनिटांत होतं. सहा त्रेचाळीसला बहीण जिन्यातून हाक मारून गेली, त्याने उत्तर दिलं नाही. सहा एकावन्नला आतून बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चिठ्ठी वाचून उलटी ठेवली की सुलटीच, ते आवाजावरून कळलं नाही.

सात वाजले तरी आतून हाक आली नव्हती आणि तो गॅलरीतच होता. वहीतला सोमवार संध्याकाळचा रकाना कोरा आहे.